‘खरा जवान कैद होत नाही’ या मेसेजला उत्तर

कारगिल विजय दिन जवळ आला की एक मेसेज न चुकता फिरायला लागतो. यंदा तो आधी आमच्या परळच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, आणि शेवटी सख्ख्या मेव्हण्याकडून. वर तिरंगा, खाली रायफलीवर टांगलेलं हेल्मेट आणि मधे मजकूर. त्याचा सारांश असा: खरा जवान मरेल पण कैद होणार नाही. कैद झालेल्यांनी हात वर केले आणि शत्रूच्या छावणीत बसून खाल्लं. डॉक्टर, नर्स, स्ट्रेचरवाले मागे सुरक्षित असतात, त्यांना उगाच योद्धे म्हणतात. महायुद्धांत गेलेले आपले लोक पगारासाठी गेलेले भाडोत्री होते. आणि मुंबईकरांनी तर युद्धावर बोलूच नये, कारण मुंबईने युद्ध फक्त पेपरात वाचलं. शेवटी, सच्चे देशभक्त असाल तर दहा जणांना पाठवा.

मी कोणालाच पाठवला नाही. पण गप्प बसणंही जमेना, कारण यातली एकेक ओळ तपासून बघता येते, आणि तपासली की एकही टिकत नाही.

‘खरा जवान कैद होत नाही’

हे लिहिणाऱ्याने इराकमधल्या कूतचं नाव ऐकलेलं नसणार. मुंबईतल्या माणसाने तरी ते ऐकलेलं असावं, कारण कूतला अडकलेली फौज इथूनच निघाली होती. १६ ऑक्टोबर १९१४ रोजी सहाव्या (पुणे) डिव्हिजनची पहिली ब्रिगेड मुंबई बंदरातून जहाजांवर चढली. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. त्याच डिव्हिजनच्या १०३ आणि ११० या मराठा पलटणी मागाहून गेल्या. पर्शियन आखाताच्या टोकाला फाव इथे उतरून या फौजेने बसरा घेतलं आणि वर्षभरात टायग्रिसच्या काठाकाठाने ती थेट बगदादच्या उंबऱ्यापर्यंत पोचली. तिथे, टेसिफॉनला, नोव्हेंबर १९१५ मध्ये साडेचार हजारांच्या वर माणसं मेली नाहीतर जखमी झाली. उरलेले मागे फिरले आणि कूत-अल-अमारा या गावात, नदीच्या वळणात, थांबले. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पडला. तो उठलाच नाही.

पावणेपाच महिने हे लोक तिथे होते. सुटकेसाठी बसऱ्याहून जी कुमक येत होती, तिचीच तेवीस हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जायबंदी झाली. एप्रिलमध्ये विमानांतून पोती टाकून धान्य पोचवायचा प्रयत्न झाला. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून रसद टाकायचा जगातला तो पहिलाच मोठा प्रयोग. पण त्या विमानांची ताकद ती किती, आणि त्यातही काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या हद्दीत. मग धान्य भरलेली एक आगबोट रात्री नदीतून घुसवून पाहिली. तीही तुर्कांच्या हाती लागली.

आता या भुकेकडे जरा जवळून बघू. माझी नोकरी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये गेली, त्यामुळे कूतच्या कहाणीत तोफांपेक्षा मला ताटातलं जास्त दिसतं. मांस संपल्यावर घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते खाल्लं. आपल्या बहुतेक जवानांनी नाकारलं, धर्माचा आणि गावी परतल्यावर जातीत घेतील की नाही याचा प्रश्न होता. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून ‘चालेल’ अशा तारा मागवल्या गेल्या, तरी बरेच जण एप्रिलपर्यंत हटले नाहीत. परिणाम असा की ताजं मांस नाही, भाजी नाही, म्हणून आपल्या लोकांना स्कर्व्ही झाली. हिरड्या सुजून रक्त येणं, जुनी जखम पुन्हा उघडणं, सांधे धरणं. गोऱ्यांना मात्र बेरीबेरीने, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने, गाठलं, कारण ते पांढऱ्या पिठाचा पाव खात होते. आपल्यांच्या आट्यात कोंडा होता, त्याने त्यांना बेरीबेरीपासून वाचवलं. एकाच वेढ्यात, एकाच उपासमारीत, दोन पंगतींना दोन वेगळे रोग. अशा अवस्थेत पोटऱ्यांत गोळे येत असताना रात्री खंदकात पहारा देणाऱ्याला ‘हात वर केले’ म्हणायचं असेल तर आधी आठवडाभर रोजच्या दोन मुठी पिठावर राहून बघावं.

आणि हात वर केले कोणी? २९ एप्रिल १९१६ ला शरणागती दिली ती या फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंडने. शिपायाला कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी तेरा हजारांच्या आसपास लोक एकदम कैदी झाले. मेसेजच्या हिशेबाने ते सगळे खोटे जवान.

हाच हिशेब पुढे चालवायचा तर जनरल कुमारमंगलम यांचं काय करायचं? मे १९४२ मध्ये लिबियाच्या वाळवंटात त्यांनी तोफखाना लढवला, त्यासाठी त्यांना डीएसओ हा लष्करी सन्मान मिळाला, आणि त्याच लढाईत ते शत्रूच्या तावडीत सापडले. युद्ध संपेपर्यंत कैदेत होते. हेच गृहस्थ १९६६ मध्ये भारताचे लष्करप्रमुख झाले. किंवा फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर घ्या. १९७१ मध्ये त्यांचं विमान पडलं, रावळपिंडीच्या छावणीत ठेवलं, तर १३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री दोन सहकाऱ्यांबरोबर भिंत फोडून ते निसटले. पेशावरवरून अफगाण सीमेपासून हाकेच्या अंतरावर पोचले, आणि तिथे बंद पडलेल्या एका रेल्वे स्टेशनचं नाव विचारलं म्हणून पकडले गेले. ज्याने हा मेसेज बनवला त्याने छावणीची भिंत सोडा, सोसायटीची तरी ओलांडली असेल का, शंकाच आहे.

‘शत्रूच्या छावणीत बसून खाल्लं’

इथे प्रामाणिकपणे एक फरक करावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि इटलीत पकडलेल्या भारतीयांना रेडक्रॉसमार्फत पार्सलं मिळायची. लंडनमध्ये खास भारतीय कैद्यांसाठी आटा, डाळ, मसाला भरलेली पार्सलं बांधली जायची. तिथेही मौज नव्हती, पण माणूस जगायचा. ११ मे १९४४ ला फ्रान्समधल्या एपिनालच्या छावणीवर अमेरिकन विमानांचे बॉम्ब पडले, कैदी मेले, भिंती कोसळल्या. त्या भगदाडांतून भारतीय कैदी बाहेर पडले आणि फ्रेंच खेड्यांतल्या लोकांच्या आसऱ्याने लपतछपत त्यातले पाचशेच्या आसपास लोक स्वित्झर्लंडला पोचले. बसून खाणारे लोक डोंगर चढून परदेशी पळत नाहीत.

कूतच्या कैद्यांना यातलं काहीच नव्हतं. स्कर्व्हीने खिळखिळी झालेली माणसं मे-जूनच्या उन्हात बगदाद, तिथून मोसुल, तिथून रास-अल-ऐन अशी चालवत नेली. वाटेत पावासाठी बूट विकले, मग अनवाणी चालले. मागे राहिला तो तिथेच राहिला. पोचले त्यांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. कूतला पकडलेल्या सुमारे ९,३०० भारतीय शिपायांपैकी किमान अडीच हजार परत आले नाहीत. त्यातल्या निम्म्यांच्या आसपास लोकांचं काय झालं याची नोंदच नाही, पत्ता लागला नाही म्हणून मेले असं धरलं गेलं. घरी तारही नाही आणि तारीखही नाही, मग वर्षश्राद्ध कुठल्या तिथीला घालायचं? टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात होता. बसून खाल्लं म्हणायचंच तर त्याला म्हणा.

पूर्वेकडे, १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर, जपान्यांनी हजारो भारतीय कैद्यांना न्यू गिनी आणि न्यू ब्रिटन बेटांवर मजुरीला नेलं. मलेरिया, बेरीबेरी, मारहाण. १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन फौजा पोचल्या तेव्हा हाडांचे सापळे हाती लागले. तिसऱ्या कॅव्हलरीच्या कॅप्टन धारगळकर आणि कॅप्टन बधवार यांनी सहकार्य नाकारलं म्हणून त्यांना ८८ दिवस पिंजऱ्यात ठेवलं होतं. त्याच वेळी दुसऱ्या हजारो कैद्यांनी आझाद हिंद सेनेचा रस्ता धरला आणि इंफाळच्या वाटेवर प्राण दिले. दोघांचे रस्ते उलटे, त्यावर वाद जरूर घाला, पण आरामात बसलेला त्यांच्यात कोणी नव्हता.

‘डॉक्टर, नर्स मागे सुरक्षित असतात’

टेसिफॉनच्या जखमींना नदीपर्यंत कशातून आणलं? एटी गाडीतून. ही मुळात दारूगोळा वाहायची खेचरगाडी, लाकूड-लोखंडाची, खाली स्प्रिंग नाही. मांडीचं हाड मोडलेला माणूस त्यात आडवा घालून खडबडीत रानातून मैलोन्‌मैल. त्याच्याबरोबर चालणारे डोलीवाले आणि मलमपट्टी करणारे ड्रेसर त्याच गोळीबारात होते. मग जखमी नदीवर बोटींत भरले. बसऱ्याला ‘वरेला’ या इस्पितळ जहाजावर इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर उभे होते. ‘मजिदिए’ नावाची बोट येताना त्यांना दुरून वाटलं की तिच्या कडांवरून दोर लोंबतायत. जवळ आल्यावर कळलं, ती विष्ठा होती. सहाशेच्या आसपास जखमी डेकवर दाटीने टाकलेले, हलता येत नाही, शौचाला जागा नाही, पट्ट्या कित्येक दिवस बदललेल्या नाहीत, जखमांत किडे.

कार्टरनी हे वर कळवलं. वरच्या अधिकाऱ्यांनी त्यांना अटक करायची आणि जहाजावरून काढायची धमकी दिली. ते मागे हटले नाहीत. हीच साक्ष पुढे मेसोपोटेमिया कमिशनसमोर आली, १९१७ मध्ये अहवाल निघाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. माझ्या मते त्या संपूर्ण मोहिमेतलं सर्वांत धाडसाचं काम हे होतं. समोरच्या शत्रूशी भिडायला हिंमत लागते, पण आपल्याच साहेबाशी भिडायला त्याहून जास्त लागते. नोकरी केलेल्या कोणालाही विचारा.

सुरक्षिततेचीच गोष्ट काढली आहे तर, त्याच मेडिकल सर्व्हिसचे कॅप्टन सिंटन २१ जानेवारी १९१६ ला कूतच्या सुटकेच्या लढाईत जखमींवर उपचार करत होते. दोन्ही दंडांतून आणि कुशीतून गोळी गेली, तरी अंधार पडेपर्यंत ते इस्पितळात जायला तयार झाले नाहीत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. पुढे हिंदुस्थानातच त्यांनी मलेरियावर संशोधन केलं. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी कूतच्या वेढ्यात जखमी सांभाळत होते, कैद झाले आणि १९१७ मध्ये कैदेतच गेले.

आणि आपल्या परळचं उदाहरण तर दाराशी आहे. द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूरचा, डॉक्टर झाले ते आमच्या केईएमला लागून असलेल्या जी. एस. मेडिकलमधून. १ सप्टेंबर १९३८ ला काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातले पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने चीनला निघाले. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. चोळकर नागपूरचे. बाकीचे हळूहळू परतले, कोटणीस उत्तर चीनमध्ये चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीबरोबर राहिले. ऑपरेशन थिएटर म्हणजे खेड्यातलं एखादं घर, जपानी फौज आली की सगळं पाठीवर घेऊन डोंगरात. भाषा शिकले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं, मुलगा झाला. ९ डिसेंबर १९४२ ला फेपऱ्याच्या झटक्यांनी गेले, वय ३२. त्यांना गोळी लागली नव्हती म्हणून ते युद्धात नव्हते, असं मेसेजवाल्याचं म्हणणं असेल तर त्याने ते चीनमध्ये हबेई प्रांतात जाऊन सांगावं. तिथे त्यांचा पुतळा आहे.

‘पगारासाठी गेलेले भाडोत्री’

यावर फार शाई खर्च करायची नाही. पहिल्या महायुद्धात शिपायाचा मूळ पगार महिना अकरा रुपये होता. कोकणात आणि घाटावर पोटापाण्याची मारामार होती, म्हणून लोक गेले, हे खरंच आहे. पण पगार घेतला म्हणून माणूस भाडोत्री ठरत असेल तर सियाचीनवरचा आजचा जवानही पगार घेतो. त्याला म्हणाल का?

शिवाय सगळे पैशासाठी गेले हेही खोटं. महार समाजाला इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतीतून बाहेर काढलं, तेव्हा पुन्हा दारं उघडावीत म्हणून अर्ज-विनंत्यांची एक लांब लढाई झाली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला होता. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली गेली, आणि शेवटी ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. गणवेश म्हणजे मान होता, गावाच्या वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाला तो पगारापेक्षा मोठा वाटला तर नवल काय?

रायगडमधल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे घ्या. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली, सेक्शनमधले सगळे पडले, हे एकटे पुढे धावले. ग्रेनेड फेकून मशीनगन गप्प केली, टॉमीगनची मॅगझिन संपली, बदलायला वेळ नव्हता, तर तिच्याच दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. मग स्नायपरच्या गोळीने गेले. वय २२, व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. महिन्याच्या पगारात एवढं येतं का?

‘मुंबईने युद्ध फक्त पेपरात वाचलं’

१४ एप्रिल १९४४ ला तर पेपरातही वाचता आलं नव्हतं. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज उभं होतं. त्यात चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा, आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्या, शिवाय सोन्याच्या विटा. दुपारी कापूस धुमसायला लागला. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. मांडवीपर्यंत आग गेली. माझी आजी तेव्हा भातबाजाराजवळ राहायची. आभाळातून पेटत्या कापसाचे बोळे पडत होते, एवढंच ती सांगायची, पुढे सांगायची नाही. अधिकृत आकडा आठशेच्या आसपास मृत्यूंचा, इतर अंदाज त्याहून बरेच वरचे. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले, म्हणून आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. लष्करी सेन्सॉरमुळे सविस्तर बातमी छापायला कित्येक दिवस परवानगी नव्हती. म्हणजे मेसेजच्या नेमकं उलट: मुंबईने युद्ध भोगलं आणि पेपरात वाचायला तिला मिळालं नाही.

त्याच्या दीड वर्ष आधी, २० नोव्हेंबर १९४२ ला, ‘तिलावा’ बोट मुंबईहून आफ्रिकेला निघाली. ९५८ माणसं, बहुतेक साधे उतारू, बायकामुलं. तिसऱ्या दिवशी जपानी पाणबुडीने दोन टॉर्पेडो मारले. २८० बुडाले. वाचलेल्यांना क्रूझरने उचलून परत मुंबईला आणलं.

आज ज्या म्युझियममध्ये आपण पोरांना सुट्टीत नेतो, ते काळा घोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, ती इमारत १९१४ मध्ये बांधून झाली आणि म्युझियम उघडलं १९२२ मध्ये. मधल्या काळात ती लष्करी इस्पितळ म्हणून वापरली गेली. बसऱ्याहून इस्पितळ जहाजं याच बंदराला लागायची. हातपाय गमावलेल्या जवानांना काम शिकवणारी शाळा, जी आज खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते, ती १९१७ मध्ये मुंबईत सुरू झाली होती. १९७१ मध्ये दीवजवळ नौदलाची ‘खुकरी’ युद्धनौका बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, तेव्हा मुंबई ब्लॅकआउटमध्ये होती. काचांना काळे कागद लावलेले आठवणारे लोक अजून गिरगावात भेटतात.

कुलाब्याच्या अश्विनी या नौदलाच्या इस्पितळात १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले मुरलीकांत पेटकर आले होते. एक गोळी पाठीच्या कण्यात. कमरेखालचं शरीर गेलं, उपचार म्हणून पोहायला शिकवलं, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिलं, पहिलंच. देशाने पद्मश्री दिली ती २०१८ मध्ये. इतका उशीर का, हा प्रश्न या मेसेजवाल्यांना कधी पडला नाही.

राहता राहिले खलाशी. मेसेजमध्ये त्यांचं नावही नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. रत्नागिरी, राजापूर, खेड, मुरूड-जंजिऱ्याची पोरं इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर बॉयलरमध्ये कोळसा टाकायची. इंजिनरूम पाण्याच्या पातळीखाली, टॉर्पेडो नेमका तिथे बसतो. अंगावर वर्दी नाही, हातात बंदूक नाही, तरी पकडले गेले तर जर्मनीत वेस्टरटिम्केच्या मिलाग नॉर्ड छावणीत कैदी. मशीद बंदर स्टेशनच्या पूर्वेला इंडियन सेलर्स होम आहे. तिथे पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या नौदलाच्या चारशेच्या आसपास आणि व्यापारी जहाजांवरच्या सहा हजारांच्या आसपास लोकांची नावं नोंदलेली वही आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर ही नावं फुकट शोधता येतात. ज्यांच्या घरी ‘आजोबांचे भाऊ बोटीवर गेले ते आलेच नाहीत’ एवढीच आठवण उरली असेल, त्यांनी तिथे शोधून बघावं. नाव एकाच स्पेलिंगने सापडलं नाही तर दोन-चार तऱ्हांनी टाकून पाहा, वडिलांचं आणि गावाचं नावही काही नोंदींत दिलेलं आहे.